गाडी विकली, त्याची गोष्ट (आणि कागदपत्रांचीही)

जुलै २०२५ पासून पुण्यातल्या आमच्या घरी चारचाकी नाही. एक स्कूटर आहे, मुलीची सायकल आहे, बाकी मेट्रो, बस, रिक्षा आणि पाय. "कसं काय जमवलं?" असं बरेच जण विचारतात. त्यातल्या निम्म्यांना गाडीवाचून कसं भागतं ते ऐकायचं असतं आणि निम्म्यांना आरटीओचं काय झालं ते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सुरुवात हिशेबाने झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवरा करासाठी कागद लावत बसला होता. त्याच बैठकीत आम्ही गाडीचा वर्षाचा खर्च मांडला. गाडी २०१७ ची, पेट्रोलची, बाराशे सीसीची हॅचबॅक. वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर. शहरात लिटरला चौदाच्या वर कधी गेली नाही, म्हणजे १०४ रुपयांच्या भावाने पेट्रोलचे सुमारे ४५ हजार. विमा ११ हजार, सर्व्हिसिंग १२ हजार, टायर आणि बॅटरीचे वर्षाला सरासरी सात. सोसायटीचं पार्किंग सहा, गाडी धुणाऱ्याचे सहा, टोलचे पाच. हे झाले ९२ हजार. शिवाय गाडीची किंमत दरवर्षी चाळीसेक हजारांनी उतरत होती, तो खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. एकूण एक लाख तीस हजारांच्या पुढे. तोवर आमच्या घरी "पेट्रोल परवडत नाही" एवढंच बोललं जायचं, आणि पेट्रोल तर त्यात एक तृतीयांश निघालं. बाकीचे पैसे गाडी खाली उभी असतानाही जातच होते.

तरी लगेच विकायची नाही असं ठरलं. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. म्हणून मे महिनाभर गाडीची किल्ली कपाटात ठेवायची आणि काय काय अडतं ते बघायचं. कोणी गाडी विकायच्या विचारात असेल तर ही एक गोष्ट जरूर करा. पैसे लागत नाहीत आणि आपल्याला गाडी नेमकी कशासाठी लागते ते उघड होतं.

आमच्या बाबतीत उघड झालं ते असं. नवऱ्याला हिंजवडीला कंपनीची बस आहे, त्याला गाडी लागतच नव्हती. माझं ऑफिस कल्याणीनगरला. कोथरूडहून गाडीने संध्याकाळी परत यायला तास-सव्वा तास सहज जायचा. मेट्रो वनाजपासून रामवाडीपर्यंत सलग जाते, ती मार्च २०२४ पासून. मला अर्धा तास लागतो, अधिक आनंदनगर स्थानकापर्यंत चालायची बारा मिनिटं. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीटच ३० रुपये आहे, आणि मेट्रोचं कार्ड घेतलं तर आठवड्याच्या दिवसांत दहा टक्के आणि शनिवार-रविवारी तीस टक्के सवलत. म्हणजे रोजचं जाणं-येणं हा प्रश्न कधी नव्हताच, आम्ही उगाच त्याला प्रश्न समजत होतो.

अडलं ते भलतीकडे. आठवड्याचा भाजीपाला आणि किराणा एकदम आणायची सवय. रात्री साडेदहाला एखाद्या मंगल कार्यालयातून जेवून, भरजरी साडीत परत येणं. वाईला गावी जाणं. आणि पाऊस. गेल्या वर्षी मान्सून २६ मेलाच पुण्यात दाखल झाला, त्याआधीही मे महिन्यात धो धो कोसळत होता. त्यामुळे आमची परीक्षा उन्हाळ्यात ठेवली होती ती पावसाळ्यातच झाली म्हणायची. एका संध्याकाळी गुडघाभर पाण्यातून चालत घरी आले, तेव्हा कपाटातल्या किल्लीची फार आठवण झाली. पण त्या दिवशी रस्त्यावरच्या गाड्याही जागच्या जागी उभ्या होत्या, हे चालता चालता दिसत होतं.

महिन्याअखेरीस विकायचं पक्कं झालं. सासूबाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "रिक्षात चढताना दांडा धरायला मिळतो, तुमच्या गाडीत खाली खाली बसावं लागतं." हे आम्हाला आठ वर्षांत सुचलं नव्हतं.

आता कागद.

एम-परिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर आपल्या गाडीचा नंबर टाकून चार गोष्टी आधी बघा: कर्जाचा बोजा, नोंदलेला मोबाइल, दंडाच्या बाकी असलेल्या पावत्या आणि नंबरप्लेट. गिऱ्हाईक शोधण्याच्या आधी. आम्ही हे मेच्या सुरुवातीलाच बघितलं, त्यामुळे मे महिना फुकट गेला नाही.

कर्ज २०२२ मध्ये फिटलं होतं, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचं नाव तसंच होतं. हप्ते संपले म्हणून ते आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि तिने सही-शिक्का मारलेला फॉर्म ३५ घेऊन ते काढायला लागतं. एजंट लोक याला 'एचपी काढणं' म्हणतात. आमच्याकडे तेव्हाचं पत्र होतं, पण अशा पत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. बँकेकडे पुन्हा अर्ज, दुसऱ्या प्रतीचे करासह ५९० रुपये आणि दहा दिवस. ज्यांचं कर्ज नुकतंच फिटलंय त्यांनी पत्र हातात आलं की त्याच महिन्यात हे उरकावं, गाडी विकायची असो वा नसो.

मोबाइल नंबर. सगळे ओटीपी आरसीवर नोंदलेल्या मोबाइलवर जातात. आमच्या गाडीवर नवऱ्याचा जुना, बंद पडलेला नंबर होता. तो पोर्टलवरच बदलता आला. त्यासाठी चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात, तेव्हा आरसीचा फोटो फोनमध्ये ठेवा.

पावत्या. नो पार्किंगची एक ५०० रुपयांची निघाली, लक्ष्मी रोडवरची, दिवाळीच्या खरेदीतली. भरून टाकली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नंबरप्लेटने. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणं सक्तीचं झालंय, आणि ती नसेल तर मालकी बदलणं, बोजा उतरवणं यांसारखी कामं पुढे सरकत नाहीत. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. पैसे ऑनलाइन भरायचे, केंद्र निवडायचं आणि मिळेल ती तारीख घ्यायची. आम्हाला सव्वातीन आठवड्यांनंतरची, ३१ मेची मिळाली. केंद्रावर गेल्यावर काम वीस मिनिटांचं. पण ती तारीख येईपर्यंत पुढचं सगळं थांबतं, म्हणून हे बुकिंग अगदी पहिल्याच दिवशी करावं. आणि बुकिंग अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब दिसणारी बनावट पानं फिरत असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत येत होतं.

पाटी बसली, मग २ जूनला एचपी काढण्याचा अर्ज. ऑनलाइन भरून, मूळ कागद कार्यालयात नेऊन दिले. रांगेत अडीच तास गेले. आरटीओत जायचं तर सकाळी उघडण्याच्या वेळेला जा, सोबत प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, डिंक आणि स्वतःचं पेन. डिंकावरून तिथे माझ्या तीन ओळखी झाल्या. १९ जूनला पोर्टलवरून बँकेचं नाव गेलं. नवीन आरसी टपालाने आली ती आणखी आठवड्याने.

दरम्यान गिऱ्हाईक बघणं सुरू होतं. एका ऑनलाइन कंपनीने फोनवर तीन लाख चाळीस हजार सांगितले. माणूस घरी येऊन, दिवा लावून, गाडीखाली वाकून वगैरे गेला आणि आकडा दोन पंच्याऐंशीवर आला. वर "आज रात्री बारापर्यंतच हा भाव" असा मेसेज. एका एजंटने तर फॉर्मवर सह्या करून द्या, खरेदीदाराचं नाव मी नंतर भरतो, असं सांगितलं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, कोणी कितीही ओळखीचा असला तरी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम आहेत. अधिकृत विक्रेता असेल तर त्याच्याकडे परवाना असतो आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद फॉर्म २९-सी ने पोर्टलवर होते. ज्याच्याकडे हे नाही त्याने गाडी पुढे कोणाला दिली आणि कधी दिली, हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

शेवटी आमच्या शेजारच्या काकूंच्या भाच्याने घेतली, तीन लाख दहा हजाराला. तो सिंहगड रोडला राहतो. म्हणजे त्याचं आरटीओही आमचंच, एमएच-१२, त्यामुळे दुसऱ्या आरटीओसाठी लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८) काढावं लागलं नाही. व्यवहार २८ जूनला झाला. आधी खात्यात पैसे, मग किल्ली, एवढं पाळलं. फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म ३० (मालकी बदलण्याचा अर्ज), चासी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा, दोघांचे आधार आणि पॅन, पीयूसी, विमा. त्याशिवाय साध्या कागदावर एक ताबापावती केली: गाडी अमुक तारखेला, इतक्या वाजता, इतके किलोमीटर फिरलेली असताना दिली, इथून पुढची जबाबदारी घेणाऱ्याची. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. भाच्याला ते जरा जास्तच वाटलं, पण काकूंनीच त्याला सही करायला लावलं.

एवढी काळजी कशासाठी, तर गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तरी आरसीवर आपलं नाव असेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक आपणच असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी एकामागून एक अशी अनेक हातांत विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपण आपले १४ दिवस चुकवू नयेत. दुसऱ्याने काय केलं ते आपल्या हातात नसतं.

भाचा शब्दाचा पक्का निघाला, त्याने आठवड्याच्या आत अर्ज भरला. हस्तांतराचे ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च त्याने भरला. तरी त्याचं नाव आरसीवर चढायला ६ ऑगस्ट उजाडला. मधले पाच आठवडे मी सकाळच्या चहाबरोबर ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायचे. वर्तमानपत्रात सिंहगड रोडवर अपघात अशी बातमी दिसली की आधी गाडीचा रंग वाचायचे. नवरा हसायचा, पण तोही बघायचा, मला ठाऊक आहे.

विम्याचं एक सांगायलाच हवं, कारण बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट साचत जाते ती गाडीची नसते, आपली असते. आमची ५० टक्क्यांपर्यंत पोचली होती. विक्रीचे कागद आणि फॉर्म २९ ची प्रत दिली की विमा कंपनी त्याचं प्रमाणपत्र देते आणि ते तीन वर्षं चालतं. गाडीची पॉलिसी घेणाऱ्याने १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची आणि सवलतीचा फरक त्याने भरायचा. हे व्यवहाराच्या आधीच बोलून घ्या, नंतर बोललं की कटुता येते.

फास्टॅगही असाच. तो काचेवरून खरवडून काढला म्हणजे बंद होत नाही. ज्या बँकेचा असेल तिथे विनंती करून बंद करायचा, नाहीतर टोल आपल्या खात्यातून जात राहतो. आम्ही व्यवहाराच्या दिवशीच केला. शिल्लक आणि २०० रुपये अनामत बारा दिवसांनी जमा झाली.

गाडी गेल्यानंतरचं दुसरं काम, ज्याची कुठल्याही फॉर्मवर नोंद नाही, ते म्हणजे लोकांना उत्तरं देणं. "विकली? नवीन कुठली घेताय?" हा पहिला प्रश्न. "घेत नाही" म्हटलं की आवाज खाली जातो. "सगळं ठीक आहे ना?" एका नात्यातल्या आत्याबाईंनी तर नवऱ्याची नोकरी गेली असं गृहीत धरून आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही गेलो. पुरणपोळी होती, म्हणून गैरसमज जेवणानंतर दूर केला.

आता रोजचं. १ जूनपासून पीएमपीचे, म्हणजे शहर बसचे दर वाढले होते, दिवसाचा पास ७० रुपये आणि महिन्याचा १५०० झाला. आमच्यापैकी कोणी रोज बसने जात नसल्याने महिन्याचा पास घेण्यात अर्थ नव्हता. ज्या दिवशी दोन-चार ठिकाणी जायचं असेल त्या दिवशी दिवसाचा पास काढते. 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर तिकीट आणि पास दोन्ही निघतात, सुट्ट्या पैशांवरून संवाद होत नाही. मुलगी कॉलेजला सायकलने जाते, पावसात मेट्रोने. विद्यार्थ्यांच्या कार्डावर तीस टक्के सवलत आहे.

सासूबाईंच्या फिजिओथेरपीसाठी आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे एक रिक्षावाले काका ठरले आहेत. मीटरप्रमाणे, पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. तीन किलोमीटरचे पन्नास-एक्कावन्न होतात. ते आईंना दारातून घेतात, तिथे थांबतात, परत आणून सोडतात. थांबण्याचे वेगळे पैसे आम्हीच ठरवून देतो. ॲपवर रोज नवा माणूस शोधण्यापेक्षा वयस्कर माणसांसाठी अशी ओळखीची रिक्षा फार उपयोगी. दिवाळीत फराळाचा डबा त्यांच्याकडेही गेला. आई आता त्यांच्याकडून पेठांतल्या बातम्या आणतात.

वाईला एसटीने जातो. मेट्रोने जिल्हा न्यायालयाला उतरायचं, तिथे गाडी बदलून स्वारगेट. तो भाग सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाला. बदलताना बरंच खाली जायचं असतं, पण लिफ्ट आहे. आईंना घेऊन गर्दीच्या वेळी जाऊ नये, अकरानंतर निघावं. स्वारगेटला पुढे एसटी. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून, आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आईंचं आधार कार्ड मात्र मूळच जवळ ठेवते. आमच्या तिघींचं मिळून जे तिकीट होतं ते ऐकून नवरा म्हणाला, "मी एकटाच पूर्ण पैशांचा." सामान मात्र निम्म्यावर आलं. गावाहून येताना तांदळाचं पोतं, गूळ, दहा नारळ असं यायचं, ते आता येत नाही. आईंना त्याचं वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

गणपतीत गाडी नसल्याचा फायदाच झाला. पेठांत गाडी न्यायची सोय तशीही नसते. मंडई आणि कसबा पेठ स्थानकांवर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी होती, पण विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालू होती, लक्ष्मी रोडवरून पहाटे परत आलो.

जे अजून जमलेलं नाही तेही लिहिते. रात्री कार्यालयातून परत येणं. तेव्हा टॅक्सीच, आणि ती कधी पाच मिनिटांत येते, कधी दोनदा रद्द होते. लांबच्या मुलगी बघायच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या कार्यक्रमांना आम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसून जातो, त्यात एक मिंधेपण येतं. म्हणून पेट्रोलचे पैसे आग्रहाने देतो किंवा परतीच्या वाटेवरचं जेवण आमच्याकडून. रात्री-अपरात्री आईंना काही झालं तर, ही भीती पहिल्या दोन महिन्यांत फार होती. १०८, रिक्षावाल्या काकांचा नंबर आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा नंबर असे तीन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी लावले आहेत. त्याने भीती गेली नाही, कमी झाली.

डिसेंबरअखेर पुन्हा हिशेब केला. मेट्रो, रिक्षा, टॅक्सी, बस, एसटी, स्कूटरचं वाढलेलं पेट्रोल आणि महाबळेश्वरला जाताना दोन दिवस भाड्याने घेतलेली गाडी, सगळं धरून महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास. त्यातले सर्वांत जास्त रिक्षाचे. म्हणजे वर्षाला साठेक हजार वाचतील. गाडीचे तीन लाख दहा हजार मुदत ठेवीत टाकले, त्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय.

गाडी पुन्हा घ्याल का, तर आईंना रिक्षात चढता येईनासं झालं तर घेऊ. विम्याच्या सवलतीचं प्रमाणपत्र त्यासाठीच फाइलमध्ये आहे, मुदत जुलै २०२८. त्याच फाइलमध्ये ताबापावती, फॉर्म २९ ची प्रत, फास्टॅग बंद झाल्याचा मेल आणि नवीन मालकाचं नाव दिसणाऱ्या पोर्टलच्या पानाची प्रिंट आहे. कोणाला ताबापावतीचा मजकूर हवा असेल तर सांगा, नावं-पत्ते झाकून पाठवते.